हाक मारली की कुत्रा उलटा का पळतो? त्याला परत यायला कसं शिकवायचं?

नागपुरातल्या कुठल्याही ले-आउटमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास हे दृश्य दिसतं. एक काका हातात रिकामा पट्टा घेऊन उभे आहेत. वीस फुटांवर त्यांचा सिंबा. (पूर्वी घरोघरी मोती असायचा, आता दर गल्लीत एक सिंबा असतो.) काका म्हणतात, "सिंबा, ये!" सिंबा शेपूट हलवतो आणि मोकळ्या प्लॉटच्या दिशेने आणखी दहा फूट पुढे जातो. "सिंबा, ये म्हटलं ना बे!" आता आवाज चढलेला. पाच मिनिटं हा पकडापकडीचा खेळ चालतो. शेवटी सिंबा कंटाळून स्वतःच काकांजवळ येतो आणि त्याच्या पाठीवर दोन फटके बसतात.

काकांना वाटतं, आपण पळून जाण्याची शिक्षा दिली. सिंबाचा हिशोब वेगळा आहे. तो लांब होता तोवर मजा होती. जवळ आला आणि मार बसला. उद्या काय करायचं, हे त्याला आज बरोबर कळलं.

हाकेला येणं, ज्याला ट्रेनर मंडळी 'रिकॉल' म्हणतात, ही कुत्र्याला शिकवायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. शेकहँड नाही आला तरी काही बिघडत नाही. पण गेट उघडं राहिलं, समोर रिंग रोड आहे आणि ट्रक येतोय, तेव्हा कुत्रा आणि चाक यांच्यामध्ये फक्त तुमची हाक असते. ही सवय मारून लागत नाही, बक्षीस देऊन लागते. ती का आणि कशी, ते बघूया.

बक्षिसाने नेमकं काय होतं?

१८९८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांजरांना लाकडी पेट्यांमध्ये ठेवून एक प्रयोग केला. आतला खटका दाबला किंवा दोरी ओढली की दार उघडायचं आणि बाहेर खायला मिळायचं. पहिल्यांदा मांजर नुसती धडपड करायची आणि योगायोगाने खटका दाबला जायचा. पुढच्या प्रत्येक वेळी सुटायला लागणारा वेळ कमी होत गेला. यातून थॉर्नडाइकने नियम मांडला: ज्या कृतीनंतर सुखद काही घडतं ती कृती पुन्हा होते आणि त्रासदायक घडतं ती कमी होते. पुढे बी. एफ. स्किनरने उंदीर आणि कबुतरांवर काम करून हा विचार आणखी पुढे नेला. आज सगळं जग कुत्र्यांना शिकवताना हाच पाया वापरतं.

यात एक मेख आहे, ती म्हणजे वेळ. कुत्रा जवळ आला, मग तुम्ही आत गेलात, फ्रीज उघडला, पनीर काढलं आणि एक मिनिटाने त्याला दिलं, तर ते कशाचं बक्षीस होतं हे त्याला कळत नाही. कदाचित फ्रीजजवळ उभं राहण्याचं असेल! बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळायला हवं. तेवढ्यात देणं शक्य नसेल तर त्या क्षणाला खूण करणारा एक आवाज लागतो. दुकानदाराकडचा यूपीआयचा साउंडबॉक्स आठवा. पैसे हातात दिसत नाहीत, पण आवाज आला की दुकानदार निश्चिंत होतो, गिऱ्हाईक निघतं. कुत्र्यासाठी "शाब्बास!" हा शब्द तेच काम करू शकतो, पण आधी चार-पाच दिवस "शाब्बास" म्हटल्या म्हटल्या लगेच खाऊ मिळायला हवा. काही जण यासाठी क्लिकर नावाची टिकटिक करणारी छोटी डबी वापरतात. ती नसली तरी काही अडत नाही.

मारून शिकवलेला कुत्रा जास्त ऐकतो का?

"आमच्या वेळी लाडबीड नव्हते, एक काठी पुरायची" असं सांगणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यामुळे हे जरा नीट पाहायला हवं.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६३ कुत्रे होते आणि सगळे मोकळे सोडले की न ऐकणारे. त्यांचे तीन गट केले. एका गटाला विजेचा हलका झटका देणाऱ्या पट्ट्याने शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच ट्रेनर्सनी पट्ट्याच्या झटक्याशिवाय शिकवलं. तिसऱ्या गटाच्या ट्रेनर्सनी मुख्यतः बक्षिसावर भर दिला. पाच दिवसांच्या शिकवणीनंतर बक्षिसवाला गट पहिल्याच हाकेला प्रतिसाद देण्यात पुढे होता आणि त्यांना पुन्हा पुन्हा सांगावंही कमी लागत होतं. म्हणजे झटक्याच्या पट्ट्याने जास्त काही साधलं नाही, त्रास मात्र झाला. असे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बेकायदा आहेत. आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतात. घेऊ नका.

त्याच वर्षी पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांची तपासणी केली. ओरडून, पट्ट्याला हिसके देऊन शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये शिकवणीदरम्यान ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि नंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसोल या ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाचं प्रमाणही वाढलेलं आढळलं.

"पण चूक केली की त्याला कळतं हो, बघा कसा अपराधी चेहरा करतो!" हा अजून एक आवडता मुद्दा. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये तेच तपासलं. मालक नसताना काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही. मालक रागावले तेव्हा निर्दोष कुत्र्यांनीही तोच 'अपराधी' चेहरा केला. तो चेहरा चुकीची कबुली नसतो, समोरच्या माणसाच्या रागाला दिलेली प्रतिक्रिया असते. त्यामुळे अर्धा तास भटकून आलेल्या कुत्र्याला मारताना "त्याला कळतंय" असं समजू नका. त्याला एवढंच कळतं की तुमच्याजवळ आल्यावर दुखतं.

कायद्याचं म्हणाल तर प्राण्याला मारहाण करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये. एका प्लेट तर्री-पोह्याच्या भावात.

बक्षीस म्हणजे काय द्यायचं?

इथे बहुतेक जण कंजुषी करतात. रोज ताटलीत मिळणारं तेच कोरडं खाद्य हाकेचं बक्षीस म्हणून दिलं, तर कुत्रा का येईल? समोर मांजर आहे, कचऱ्याचा ढीग आहे, तीन कुत्र्यांनी खुणा केलेला विजेचा खांब आहे. या सगळ्यांशी तुमची स्पर्धा आहे. म्हणून हाकेचं बक्षीस घरातलं सगळ्यात भारी हवं आणि शक्यतो ते फक्त हाकेसाठीच राखून ठेवावं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, शिजवलेली कलेजी, उकडलेल्या अंड्याचे तुकडे, शाकाहारी घरात पनीर. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरतो. कुत्रा तुकड्याचा आकार कमी आणि वास जास्त बघतो. दिवसभराच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांहून जास्त वाटा अशा खाऊचा नसावा, तेवढं जेवण कमी करा.

चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण अजिबात नको. हे कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतं. त्यामुळे सावजीच्या रश्श्यातला तुकडा "धुऊन" देणंही बाद. ग्लुकोज बिस्किटाने कुत्रा मरणार नाही, पण ते साखर आणि मैदा आहे, रोजचं बक्षीस म्हणून ते वाईट.

बक्षीस खाण्याचंच असतं असंही नाही. अटलांटातल्या एमोरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना जागेपणी, न बांधता एमआरआय यंत्रात स्थिर राहायला शिकवलं. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासात १५ पैकी १३ कुत्र्यांच्या मेंदूतल्या बक्षिसाशी संबंधित भागाने मालकाच्या कौतुकाला खाऊइतकाच किंवा त्याहून जास्त प्रतिसाद दिला. दोन कुत्रे मात्र पक्के पोटभरू निघाले. तुमचा कोणत्या गटातला आहे, हे तुम्हालाच शोधावं लागेल. काहींना चेंडू हवा असतो, काहींना ओढाओढीचा खेळ.

सुरुवात हॉलमधून

बहुतेक लोक पहिलाच सराव मैदानात करतात. हे म्हणजे पोहायला शिकवायचं म्हणून थेट अंबाझरीच्या मध्यभागी सोडण्यासारखं आहे.

आधी शब्द ठरवा. आपल्याकडे कुत्र्याला बोलवायला "यू यू" आणि हाकलायला "हाड" हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण "यू यू" ला गल्लीतले सगळेच येतील. "ये" हा शब्द दिवसातून शंभर वेळा कुणालातरी उद्देशून म्हटला जातो, त्यामुळे कुत्रा तो ऐकणं सोडून देतो. शिवाय आई म्हणते "ये बाळा", बाबा म्हणतात "चल बे", दादा म्हणतो "कम". कुत्र्याने कोणाचं ऐकायचं? घरात सगळ्यांनी मिळून एकच वेगळा शब्द निवडा. "इकडे" चालेल, "धाव" चालेल, शिट्टीही चालेल. शिट्टीचा फायदा असा की तिला राग येत नाही. घाबरलेल्या किंवा चिडलेल्या माणसाचा आवाज बदलतो, शिट्टी तीच राहते.

पहिले दोन-तीन दिवस कुत्र्याने काहीच करायचं नाही. तो तुमच्याजवळच आहे, तुम्ही "इकडे" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. दहा वेळा झालं की थांबायचं, दिवसातून दोनदा. त्या शब्दाचा आणि चिकनचा संबंध त्याच्या डोक्यात पक्का व्हायला हवा. मग हॉलमध्ये तीन पावलं मागे सरकून बोलवा. तो वळला की "शाब्बास", पोहोचला की तुकडा. मग दुसऱ्या खोलीतून. मग घरातले दोघे दोन टोकांना बसून आळीपाळीने बोलवा. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि कुत्र्यालाही. तो दहापैकी नऊ वेळा लगेच येत असेल तरच अंगणात किंवा गच्चीवर जा. (गच्चीला पूर्ण कठडा असेल तरच.)

देताना एक छोटी गोष्ट पाळा: एका हाताने तुकडा द्या आणि दुसऱ्या हाताने गळ्यातला पट्टा हलकेच धरून सोडा. नाहीतर अनेक कुत्रे हुशार होतात. येतात, तुकडा घेतात आणि हात पुढे आला की सटकतात. पट्टा धरणं हाही बक्षिसाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं पाहिजे.

बाहेर पडल्यावर मोकळं सोडायचं नाही. पाच ते दहा मीटरची लांब दोरी घ्या आणि ती गळ्याला नको, छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला बांधा. पळता पळता दोरी संपली तर मानेला झटका बसू नये. दोरीचं काम ओढून आणणं हे नाही, कुत्रा रस्त्यावर जाऊ नये एवढंच. तो हाकेला आला नाही, तर पुन्हा पुन्हा ओरडू नका. "इकडे, इकडे, इकडे, अरे इकडे" असं म्हटलं की पहिल्या तीन हाका दुर्लक्ष करण्यासाठीच असतात, हे तो शिकतो. एकदा हाक मारा, मग उलट दिशेने पळा, टाळ्या वाजवा, खाली बसा. कुत्र्याला पळणाऱ्याच्या मागे पळायला आवडतं. तो आला की उशीर झाला तरी बक्षीस द्या. आणि पुढच्या वेळी सोप्या जागेपासून सुरुवात करा, कारण तो नापास झालेला नाही, परीक्षा लवकर घेतली गेली.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असताना सरावाची वेळ पहाटेची. आपले सिमेंटचे रस्ते सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेले असतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होत नाही.

चांगली हाक आपणच कशी बिघडवतो?

हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे. आमचा कुत्रा बाबांच्या हाकेला कधीच यायचा नाही आणि आजीच्या हाकेला पलंगाखालूनही यायचा. बाबांना हा आजीचा पक्षपात वाटायचा. खरं कारण साधं होतं. बाबा त्याला तीनच कामांसाठी बोलवायचे: आंघोळ, औषध आणि फिरणं संपलं म्हणून घरी चल. आजी डबा खडखडवायची, नाव घ्यायची आणि भाकरीचा तुकडा द्यायची. बस्स.

बहुतेक घरांत बाबांसारखंच होतं. मैदानात तासभर खेळून झाल्यावर जी एकच हाक येते ती पट्टा लावण्यासाठी असते. म्हणजे हाक बरोबर मजेचा शेवट. उपाय असा की खेळ सुरू असताना मध्येच आठ-दहा वेळा बोलवा, तुकडा द्या आणि "जा" म्हणून पुन्हा खेळायला सोडा. परत जायला मिळणं हेच मोठं बक्षीस ठरतं. मानसशास्त्रात याला डेव्हिड प्रिमॅकच्या नावाने ओळखतात, घराघरात याचं रूप "आधी भाजी संपव, मग आमरस" असं असतं. आंघोळ किंवा नखं कापणं असेल तेव्हा बोलवू नका, स्वतः त्याच्याकडे जा.

आणि एकदा यायला लागला की बक्षीस बंद करायचं का? नाही. दर वेळी चिकन नको, कधी चेंडू, कधी पाठ खाजवणं, पण काहीतरी मिळत राहू दे. पगार थांबल्यावर तुम्ही किती दिवस ऑफिसला जाल?

"आधी यायचा, आता येत नाही" ही तक्रार सात-आठ महिन्यांच्या पिल्लाबद्दल फार ऐकू येते. यात तुमची चूक असेलच असं नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पाच महिन्यांच्या वयापेक्षा आठ महिन्यांच्या वयात कुत्रे आपल्या माणसाने दिलेली 'बस' ही आज्ञा कमी पाळतात, अनोळखी माणसाची मात्र पाळतात. थोडक्यात टीनएज. नंतर ते सुधारतात. या काळात लांब दोरी परत काढा आणि चिडू नका.

गल्लीतल्या कुत्र्यांना हे लागू होतं का?

होतं, आणि आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम करतो आहे. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की अनोळखी माणसाशी पुन्हा पुन्हा भेट होत असेल तर विश्वास बसायला खाऊपेक्षा अंगावरून फिरवलेला हात जास्त उपयोगी पडतो. २०२० मध्ये याच गटाने दाखवलं की कोणतंही प्रशिक्षण नसलेले रस्त्यावरचे कुत्रेही माणसाने बोट दाखवलेली दिशा समजून घेऊ शकतात. म्हणजे "गावठी आहे, याला काय शिकवणार" हा समज काढून टाका.

तुमच्या गल्लीत एखादी काळू किंवा भुरी असेल आणि कुणी तिला रोज खायला घालत असेल, तर जेवणाआधी ठरलेली एक शिट्टी वाजवण्याची सवय लावावी. महिनाभराने रेबीजची लस द्यायला किंवा नसबंदीसाठी न्यायला लोक येतील, तेव्हा जाळी घेऊन धावाधाव करावी लागण्याची शक्यता कमी. फक्त पकडून देण्यासाठी ही शिट्टी एकदा वापरली की पुढचे काही दिवस तिच्यामागे भरपूर खाऊ द्या, नाहीतर बाबांच्या हाकेसारखी तिची गत होईल. अनोळखी कुत्र्याच्या अंगावर थेट हात मात्र टाकू नका.

पाळीव कुत्र्याचं मात्र वेगळं आहे. तो कितीही चांगला येत असला तरी रस्त्यावर पट्टा हवाच. नागपुरात रस्ता ओलांडताना माणसाचाच भरवसा नसतो. गल्लीतली टोळी अंगावर आली तर तुमचा कुत्रा हाक ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. आणि आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

फटाक्यांच्या रात्री

सगळ्यात चांगली शिकवलेली हाक भीतीपुढे हरते. लक्ष्मीपूजनाची रात्र, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, लग्नाचा डीजे अशा वेळी कुत्रा खाऊकडे बघतही नाही. त्या दिवशी फिरवणं अंधाराआधी उरका, दारं-खिडक्या बंद ठेवा, गच्चीवर नेऊ नका.

आमचा कुत्रा अशाच एका लक्ष्मीपूजनाला उघड्या गेटमधून गेला. रात्रभर शोधला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ले-आउट पलीकडे एका बंद गाडीखाली सापडला. बाबा अर्धा तास पोटावर झोपून हाका मारत होते, तो आणखी आत सरकत होता. मग आजीला रिक्षाने आणलं. तिने डबा खडखडवला, नाव घेतलं आणि गाडीपासून जरा लांब जाऊन बसली. तो सरपटत बाहेर आला.

तुमचा कुत्रा निसटला तर त्याच्या मागे धावू नका, तो आणखी वेगाने पळेल. थांबा, अंग थोडं वळवून खाली बसा, डोळ्यांत रोखून बघू नका, ओळखीचा आवाज करा: डबा, शिट्टी, पट्ट्याची साखळी, गाडीची किल्ली. ज्या माणसाकडून त्याला सगळ्यात जास्त चांगलं मिळालंय, त्या माणसाला बोलवायला पाठवा. सापडला की तिथे एक शब्दही रागाचा नको, घरी आणून जखमा तपासा. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर नावापेक्षा महत्त्वाचा असतो तो फोन नंबर. शक्यतो दोन नंबर लिहा, कारण शोधायला बाहेर पडलेल्या माणसाच्या फोनची बॅटरी नेमकी त्याच रात्री संपते.